कोब्रा घरी बांधताना

गाडी घरी बांधायला घेतली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "कुठवर आली?" याचे उत्तर देणे अवघड जाते, कारण पाहणाऱ्याला दिसणारी प्रगती आणि बांधणाऱ्याला जाणवणारी प्रगती यांचा मेळ क्वचितच बसतो. सांगाड्यावर बॉडी चढली त्या दिवशी सगळ्यांनी माझे अभिनंदन केले. ते काम चौघांनी मिळून उचलून ठेवण्याचे होते आणि पाहता पाहता उरकले. ज्या टप्प्यांनी मला आतून हलवले ते बहुतेक गाडीच्या पोटाखाली, बॉनेटच्या आत किंवा डॅशबोर्डच्या मागे घडले, आणि तेव्हा पाहायला कोणी नव्हते. त्या टप्प्यांत मला एक धागा दिसतो. तोवर मी हातांनी, जॅकने किंवा घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडांवर, तोलून धरलेली एखादी जबाबदारी त्या-त्या वेळी गाडीने स्वतःकडे घेतली. लिहिण्यासारखे जे आहे ते त्याच क्षणांविषयी आहे.

मी निवडलेली गाडी म्हणजे १९६५ मध्ये आलेली कोब्रा ४२७. इंग्लंडमधील थेम्स डिटन येथे एसी कंपनी 'एस' नावाची हलकी, सहा सिलिंडरची खुली गाडी बनवत असे. १९५९ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या कॅरल शेल्बी या अमेरिकी चालकाने १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले, आधी ४.२ लिटरचे, मग ४.७ लिटरचे आणि अखेर ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे. एवढ्या ताकदीपुढे मूळ सांगाडा पुरेनासा झाला, तेव्हा त्याच्या दोन मुख्य नळ्यांचा व्यास तीन इंचांवरून चार इंच करण्यात आला, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, आणि रुंद टायर सामावून घेण्यासाठी मडगार्ड फुगवावे लागले. ज्या फुगीर बांध्यावर लोक आजही भाळतात त्यामागे हे साधे यांत्रिक कारण आहे, आणि ते कळल्यावर ती गाडी मला अधिकच आवडू लागली. सगळ्या प्रकारच्या मिळून मूळ कोब्रा हजाराच्या आसपासच बनल्या, त्यामुळे सामान्य माणसाला ती हवी असेल तर प्रतिकृतीला पर्याय नाही. माझ्या गाडीवर मूळ कंपनीची खोटी पाटी लावायची नाही, तिचा क्रमांक तिचाच असेल, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. प्रतिकृती बांधणाऱ्याने मूळ गाडीचे एवढे देणे तरी पाळावे असे मला वाटते.

सांगाडा स्वतः जोडायचा, फायबरग्लासची बॉडी तयार घ्यायची, मागचा अक्ष जुन्या जग्वारचा आणि इंजिन फोर्डचे ३०२ घनइंचांचे जुने व्ही-८, अशी आखणी होती. सात लिटरचे इंजिन मला झेपले नसते आणि रस्त्यावर त्याची गरजही नव्हती.

सांगाड्याच्या कामाची भीती वाटते ती त्यातल्या उष्णतेमुळे. वेल्डिंगचा टाका गार होताना आकसतो आणि आकसताना नळीला आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग वेल्डिंग करत गेले तर डोळ्यांना सरळ दिसणारा सांगाडा पिळवटलेला निघतो, आणि तो पीळ पुढे कितीही महागडी स्प्रिंग बसवली तरी जात नाही. म्हणून आधी सगळीकडे छोटे टाके मारायचे, कर्ण मोजायचे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे वेल्डिंग करत पुढे जायचे, आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा कर्ण मोजायचे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर ९० इंच, म्हणजे २२८६ मिलिमीटर. तो आकडा मला आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. दोन्ही कर्णांतला फरक मोजपट्टीवर दिसेनासा झाला, तेव्हा मी पट्टीची टोके उलटी करून पुन्हा मोजले, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

चाके बसवून सांगाडा जमिनीवर उतरवणे हा पहिला मोठा टप्पा. त्याच्या छायाचित्रात फक्त चार चाकांवरचा नळ्यांचा सापळा दिसतो. बांधणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते. सस्पेन्शनच्या बाहूंना रबरी बुश, म्हणजे सांध्यात बसणारी रबराची नळकांडी, असतात, आणि त्यांतून जाणारे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसे केले तर बुश लोंबत्या स्थितीतच पकडला जातो आणि गाडी खाली उतरताच त्यातले रबर पिळले जाते. मग ते कायम ताणाखाली राहते आणि लवकर फाटते. त्यामुळे ते बोल्ट हातानेच बसवून ठेवायचे आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर, आपल्या खऱ्या वजनाने उभी राहील तेव्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे. सांगाडा उतरला तेव्हा इंजिन नव्हते, बॉडी नव्हती, म्हणजे खरे वजन अजून यायचे होते. जॅक खाली येताना स्प्रिंगा बोटभर दबल्या आणि थांबल्या. ते पाहून लक्षात आले की इथून पुढे काही गोष्टी मला ठरवता येणार नाहीत. गाडी उभी राहून सांगेल तेव्हाच त्या पुऱ्या होतील. मनावरचे दडपण त्या दिवशी कमी झाले.

यानंतरचा टप्पा बाहेरच्या माणसाला कधीच पटवून देता येत नाही. गाडी दोनदा बांधावी लागते. पहिल्यांदा सगळे कच्चे जोडायचे: इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, पेडल, स्टिअरिंगचा दांडा, पेट्रोलची टाकी, वर बॉडी. कुठे काय घासते, पाय पेडलवर मोकळा पडतो का, एक्झॉस्टची नळी स्टिअरिंगच्या सांध्याच्या किती जवळून जाते, बॉनेट मिटल्यावर कार्ब्युरेटरच्या डोक्यावर किती जागा उरते, हे कागदावर कधीच पुरते कळत नाही. सगळी भोके पाडून झाली, सगळे ब्रॅकेट वेल्ड झाले, म्हणजे गाडी पुन्हा शेवटच्या नटापर्यंत सुटी करायची, कारण सांगाड्याला रंग द्यायचा असतो आणि रंगानंतर भोक पाडले की गंज तिथून शिरतो.

कच्ची जोडणी पुरी झाली त्या संध्याकाळी मी गाडीत बसलो होतो. सीट नव्हती, खाली दुमडलेली सतरंजी होती. समोर स्टिअरिंग, त्यापलीकडे बॉनेटचा लांब उतार आणि दोन्ही बाजूंना मडगार्डांचे उंचवटे. जे दृश्य मी अनेक वर्षे केवळ छायाचित्रांत पाहिले होते ते माझ्याच डोळ्यांच्या उंचीवरून दिसत होते. दुसऱ्या दिवशी ती सुटी करायला घेणे म्हणजे उभ्या घराची कौले उतरवण्यासारखे वाटले. अनेकांचे प्रकल्प याच ठिकाणी थांबतात आणि त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. पुढ्यात गाडीसारखी दिसणारी वस्तू असताना ती स्वतःच्या हातांनी खोक्यांत भरायला वेगळेच मन लागते. मला तारले ते त्या खोक्यांनीच. प्रत्येक सुट्या भागाला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर बोल्टची लांबी आणि वायसरांचा क्रम. सुटी करताना मी गाडी पहिल्यांदा पूर्ण ओळखली. जोडताना नजर पुढच्या भागावर असते; सोडवताना हातातला भाग का आहे हे समजते.

रंग झालेल्या सांगाड्यावर दुसरी जोडणी सुरू झाली आणि बराच काळ दाखवण्यासारखे काहीच घडले नाही. ब्रेकच्या नळ्या वाकवायच्या, त्यांची टोके दुहेरी दुमडून फुलवायची, दर वीतभर अंतरावर क्लिप लावायची. तांबे-निकेलची ही नळी बाहेरून पाच मिलिमीटरही जाड नसते, आणि ब्रेक जोरात दाबला की तिच्या आतला दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपटीच्याही वर जातो. जग्वारच्या त्या अक्षात मागच्या डिस्क चाकांपाशी नसतात, मध्यभागी डिफरन्शियलला लागून असतात. रचना सुंदर आहे, पण बॉडी चढल्यावर तिथे हात पोचवणे कठीण जाते. त्यामुळे ते सांधे आधीच निर्दोष हवेत.

नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. दादा पेडलवर बसला, मी खाली निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीपाशी, होतो. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." निपल पाव फेरा सैल, पारदर्शक नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोड." हे इतक्या वेळा झाले की पुढे आम्ही शब्दही गाळले, पान्याच्या टकटकीवर काम चालू राहिले. बुडबुडे बारीक झाले, मग विरळ, मग नुसते ब्रेक ऑइल सलग येऊ लागले. तेवढ्यात दादा वरून म्हणाला, "अरे, आता खालीच जात नाही हे." मी वर येऊन पेडलवर पाय ठेवला. थोडेसे अंतर जाऊन ते दगडासारखे घट्ट थांबत होते. दादाला ते पूर्ण जोराने दाबून धरायला सांगितले आणि मी प्रत्येक सांध्याला कोरडा पांढरा कागद टेकवत फिरलो. सगळे कागद कोरडे होते. इतक्या महिन्यांत माझे डोळे पहिल्यांदा भरून आले ते तेव्हा. दादाच्या घरची माणसे पुढे या गाडीत बसतील, आणि गाडी थांबवायची असेल तेव्हा ती थांबेल, एवढाच त्या कोरड्या कागदांचा अर्थ होता. गाडी पळवण्याचा विचार मी त्याआधी पुष्कळ केला होता. तिला थांबवण्याचे समाधान इतके मोठे असेल याची कल्पना नव्हती.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचे चिकाटीचे काम आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याची एक तार बॅटरीकडून येते आणि परतीचा रस्ता खुद्द पत्रा असतो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मापकाला, हॉर्नलासुद्धा परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते, आणि त्या सगळ्या तारा सांगाड्यावरच्या स्वच्छ घासलेल्या जागी आणून बांधाव्या लागतात. परतीचा रस्ता चुकला की विजेचे वागणे विचित्र होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. मी प्रत्येक फ्यूज एकेक करून बसवला आणि त्या-त्या वेळी तेवढाच दिवा लागतो याची खात्री करून घेतली. गाडीच्या मागे उभे राहून आपल्याच हाताने ओढलेल्या तारेवर लाल दिवा पेटताना पाहणे हा शांत आनंद आहे, आणि तो मी एकट्याने पुरेपूर घेतला.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी त्याच्या आत तेल पोचलेले असले पाहिजे. फोर्डच्या या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने, एका षट्कोनी सळईमार्फत फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उपसून काढायचा, त्याच्या भोकातून तशीच सळई आत सोडायची, तिचे वरचे टोक ड्रिल मशीनमध्ये पकडायचे आणि ड्रिल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचे. इंजिन हलत नाही, फक्त पंप फिरतो. सुरुवातीला ड्रिल मोकळे घरघरते. मग पंपाने तेल धरले की त्याचा आवाज एकदम जड होतो, हाताला पीळ जाणवतो, आणि डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून उठतो. व्हॉल्व्हवरची झाकणे मी मुद्दाम काढून ठेवली होती. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या एका रॉकरच्या टोकाशी तेलाचा थेंब आला, फुगला आणि घसरला. मग शेजारच्या, मग त्यापलीकडच्या. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, चतुर्थांश फेरा फिरवत गेलो तसे राहिलेले रॉकरही ओले झाले. जे इंजिन मी कोरड्या, सुट्या भागांतून जोडले होते ते आतून वाहू लागले होते. माझ्या दृष्टीने इंजिनचा जन्म तोच. आवाज नंतर आला.

आवाजाच्या दिवशी मात्र आनंदाला जागाच नव्हती. या इंजिनांच्या ठिणगीचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा असतो, तर त्याच घराण्यातल्या ३५१ घनइंचांच्या इंजिनाचा १-३-७-२-६-५-४-८. ते कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, अवलंबून असल्यामुळे जुन्या इंजिनात कोणता कॅम आहे याची खात्री करून मगच प्लगच्या तारा लावाव्यात. शिवाय नव्या, सपाट टॅपेटच्या कॅमला पहिल्या क्षणापासून मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे लागते, कारण कॅमच्या उंचवट्यांवर तेल उडते ते क्रँकच्या वेगामुळे. मंद गतीवर सोडले तर ते कोरडे घासले जातात. म्हणजे इंजिन सुरू झाले की कौतुक करत उभे राहायला वाव नाही. स्टार्टर फिरला, दोन-तीन ठिणग्या अडखळल्या आणि आठही सिलिंडर एकदम पेटले. एक्झॉस्टच्या नव्या रंगाचा धूर वर आला. मी फक्त तेलाचा काटा पाहत होतो, मग पाण्याचा, मग पुन्हा तेलाचा. दादा टॉर्च घेऊन खाली गळती शोधत होता आणि हाताने ठीक असल्याची खूण करत होता. रेडिएटरची वरची नळी गरम झाली, थर्मोस्टॅट उघडला. वीस मिनिटांनी किल्ली बंद केली, तेव्हा कुठे माझे खांदे खाली आले, आणि आम्ही दोघे काही न बोलता बराच वेळ हसत राहिलो.

बॉडी आणि रंग यांच्याबद्दल लोक सर्वाधिक विचारतात, म्हणून थोडक्यात. नवे फायबरग्लास लगेच रंगवू नये. त्यातले रेझिन कित्येक आठवडे मुरत असते आणि त्याआधी रंग दिला की आतल्या कापडाची वीण पृष्ठभागावर उमटते. ते उन्हात तापू द्यावे, जेलकोटखालची, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराखालची, सुईच्या टोकाएवढी छिद्रे वर येऊ द्यावीत, ती भरावीत आणि मगच प्राइमर द्यावा. दारांच्या फटी सारख्या करण्यात अतिशय वेळ जातो. त्या कामात प्रतिष्ठा पुष्कळ आहे, पण मला त्याने कधी रात्री जागे ठेवले नाही.

गाडी पूर्ण वजनाने उभी राहिल्यावर, सीटवर माणसाच्या वजनाच्या पिशव्या ठेवून, सस्पेन्शनचे ते राखून ठेवलेले बोल्ट अखेर आवळले. टॉर्क पान्याचा 'खट' आवाज प्रत्येक बोल्टला एकदा. त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून बोल्टवर जाणारी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली; नट जरासा फिरला तरी रेघ तुटते आणि नजरेला लगेच कळते. नोंदणीपूर्वीच्या तपासणीची चिंता त्यामानाने कमी होती, कारण ब्रिटनमधील एकेकट्या वाहनांच्या मंजुरीत बाहेर आलेल्या कडांना किमान २.५ मिलिमीटर गोलाई लागते असे दंडक मी पहिल्यापासूनच समोर ठेवले होते. तपासनिसांनी पेडल बराच वेळ दाबून धरले आणि खाली वाकून पाहिले. नेमकी तीच जागा त्यांनी निवडावी याचा मला अभिमान वाटला.

पहिली फेरी मी एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर आणि सावकाश मारली. दुसऱ्या गिअरमध्ये जराशा ॲक्सिलरेटरला गाडी ज्या सहजतेने पुढे झेपावली, त्यावरून शेल्बीला साठ वर्षांपूर्वी काय सापडले होते ते कळले: हजार किलोंच्या आसपासच्या गाडीत मोठे इंजिन असले की वेग मागावा लागत नाही. आणि तरीही पहिल्या काही किलोमीटरांत मी सर्वांत जास्त वेळा वापरला तो ब्रेक. मोकळ्या जागी मुद्दाम, वेगवेगळ्या जोराने, हात स्टिअरिंगवर सैल ठेवून. गाडी दर वेळी सरळ रेषेत थांबली. त्यानंतरच दादाला शेजारी बसवले. उतरताना पाय बाजूच्या एक्झॉस्टला लावू नकोस एवढे त्याला आधीच बजावले होते, कारण त्या नळीचा चटका या गाड्यांच्या मालकांना चांगलाच परिचयाचा असतो. तो निम्मा रस्ता गप्प होता. मग म्हणाला, "मी धरलेलं ते पेडल हेच ना?" मी हो म्हणालो.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलले, चाकांचे कोन पुन्हा तपासले, आणि टॉर्च घेऊन खाली शिरून एकेक पिवळी रेघ पाहिली. सस्पेन्शनवरच्या, स्टिअरिंगवरच्या, ब्रेकवरच्या सगळ्या रेघा अखंड होत्या. एक्झॉस्टच्या जोडावरच्या दोन तेवढ्या सरकल्या होत्या, कारण तापून आणि गार होऊन तिथला धातू सतत हलतो. नायलॉनचे लॉकनट तिथल्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून पूर्ण धातूचे बसवले, आवळले आणि नव्या रेघा ओढल्या. पुढची तपासणी हजार किलोमीटरवर आहे.